मेंजर म्हणजे गव्हाण : नाताळची इंग्रजी आपल्या गोठ्यातून

(ऑडिओमधलं बोलणं थोडं सरळ करून इथे लिहिलं आहे. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीतच ठेवलेत, म्हणजे उच्चार आधी कानात बसेल. स्पेलिंग जिथे घात करतं, तिथे तेवढं सांगितलंय.)

कन्हेरीतून बोलतोय. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मुंबईच्या लेण्यांची कान्हेरी नाही. बारामती तालुक्यातली कन्हेरी, मारुतीच्या देवळाची, जिथे निवडणूक आली की प्रचाराचा नारळ फुटतो आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या येतात, ती.

आजचा विषय नाताळ. मी खरं तर या वेळी ख्रिसमसचे वीस शब्द सांगून मोकळा होणार होतो. पण इंदापूरकडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला आणि भागाची दिशाच बदलली. ती नर्सिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. रूममेट ख्रिश्चन आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातली. रूममेटनं नाताळला घरी बोलावलंय. आणि आपली ही मुलगी म्हणते, "सर, मला जायचंय, पण त्यांच्या घरी सगळे इंग्रजीत बोलत असतील. मला तर 'मेरी ख्रिसमस'च्या पुढे एक वाक्य येत नाही. काहीतरी कारण सांगून नको म्हणू का?"

पोरी, कारणबिरण काही सांगू नकोस. पिशवी भर आणि जा.

त्या घरात मराठीच बोलतात, तुझ्या-माझ्यासारखीच. चर्चमध्ये प्रार्थना मराठीत, बायबल मराठीत, गाणी मराठीत. पेटी असेल, तबला किंवा ढोलकी असेल, टाळही असतील. दारात कागदाची मोठी चांदणी टांगलेली असेल. तो आपल्या आकाशकंदिलाचाच भाऊ. आणि ताटात बघशील तर केकच्या शेजारी करंज्या, शंकरपाळे, चकल्या. दिवाळीत जे खाल्लंस तेच परत. ख्रिश्चन म्हणजे इंग्रजी हे समीकरण आपल्या डोक्यात सिनेमानं घातलंय. त्या समीकरणाचा त्रास त्या पोरांना वर्गात रोज होतो. "तुम्ही घरी इंग्रजीतच बोलता का?" हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा ऐकलेला असतो की आता ते उत्तरही देत नाहीत. तू तरी विचारू नकोस.

"नाताळ" हा शब्दच बघा. हा इंग्रजीतून आलेला नाही, पोर्तुगीजांकडून आलाय. त्यांचा "नाताल" म्हणजे जन्माचा दिवस. इंग्रजांचं राज्य आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द गोवा-वसईच्या किनाऱ्यावर उतरलेला होता.

आणि आता एक गंमत ऐका, इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी अशी. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात आला. त्याला लोकांना येशूची गोष्ट सांगायची होती. त्यानं लोकांना इंग्रजी शिकवलं का? नाही. तो स्वतः मराठी शिकला. आणि शिकला म्हणजे नुसतं "कसं काय, बरं आहे का" इतकं नाही. त्यानं दहा हजारांहून जास्त ओव्यांचं "ख्रिस्तपुराण" लिहिलं. ओवी, आपल्या ज्ञानेश्वरीची ती ओवी! १६१६ साली ते छापलं गेलं, शेक्सपिअर गेला त्याच वर्षी. आणि छापलं कोणत्या लिपीत? रोमन. देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. म्हणजे तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करता ना, तोच प्रकार, चारशे वर्षांपूर्वी. फक्त त्यानं पुराण लिहिलं आणि आपण "जेवलास का" लिहितो.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण सांगू? बारामतीहून दौंडला जाऊन पुण्याची गाडी धरलीत की वाटेत केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. मिशनमधल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, तिथल्याच छापखान्यात ते छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. आणि अहिल्यानगरकडचं म्हणाल तर रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत "केवढे हे क्रौर्य" कविता ऐकली असेल, ते टिळक. त्यांनी चर्चमध्ये भजन-कीर्तन आणलं. तुझ्या मैत्रिणीकडे टाळ वाजताना दिसले तर नवल वाटून घेऊ नकोस.

मग इंग्रजीचं काय? येतोय, येतोय.

पहिला शब्द अर्थात क्रिसमस. स्पेलिंगमध्ये टी आहे, तोंडात नाही. मागचा "मस" म्हणजे "मास", चर्चमधली उपासना. ख्रिस्ताची उपासना ती क्रिसमस. आपल्याकडचे कॅथलिक लोक "मिस्सा" म्हणतात, तो याच घराण्यातला शब्द. काही ठिकाणी थोडक्यात एक्स लिहून पुढे एम-ए-एस लिहितात. तो एक्स इंग्रजी नाही. ग्रीक भाषेत ख्रिस्त शब्दाचं पहिलं अक्षर तसं दिसतं. म्हणून लिहिताना एक्स असला तरी वाचताना "क्रिसमस"च वाचायचं, "एक्समस" नाही.

"मेरी" मध्ये एम, ई, डबल आर, वाय. "मॅरी" म्हणालात तर ते लग्न करणं झालं. उत्तर काय द्यायचं? "थँक यू, मेरी क्रिसमस टू यू टू." किंवा नुसतं "सेम टू यू". दोन्ही चालतात. ब्रिटनमध्ये "हॅपी क्रिसमस"ही म्हणतात, ते चूक नाही. पण "मेरी न्यू इयर" असं कुणी सुटं म्हणत नाही, तिथे हॅपीच.

आता शब्दयोगी अव्ययं, आपला जुना शत्रू. दिवस सांगायचा असेल तर "ऑन क्रिसमस डे". सगळा सण, ते चार-सहा दिवस, असं म्हणायचं असेल तर "ॲट क्रिसमस". "ऑन लक्ष्मीपूजन डे", पण "ॲट दिवाली". एवढं लक्षात ठेवलं तरी निबंधातल्या निम्म्या चुका गेल्या. आणि "क्रिसमस ईव्ह" म्हणजे नाताळची संध्याकाळ नाही हां! आदला दिवस, २४ डिसेंबर, सकाळपासून. २५ तारखेच्या संध्याकाळला "क्रिसमस ईव्ह" म्हटलंत तर समोरचा कॅलेंडर बघेल.

इथपर्यंतचं कुठल्याही ॲपवर मिळेल. मला खरं बोलायचंय ते पुढच्या शब्दांवर.

"क्रिसमस" वर निबंध लिहा म्हटलं की आपली पोरं काय लिहितात? स्नो. सगळीकडे स्नो. चिमणी, म्हणजे धुरांडं, त्यातून सांता. फायरप्लेस. अरे, बघितलंय का कुणी? पाठ केलेलं असतं, आणि पाठ केलेली इंग्रजी दुसऱ्या प्रश्नाला कोसळते. इंटरव्ह्यूमध्ये कुणी विचारलं, "सो हाऊ डू पीपल सेलिब्रेट इन युअर एरिया?" की गप्प. आणि स्नोचा तरी एवढा आग्रह कशाला? गेल्या शतकात बारामतीत ऑस्ट्रेलियाच्या चर्चेस ऑफ क्राइस्टचं मिशन काम करत होतं. त्या ऑस्ट्रेलियन लोकांच्या देशात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. ते घाम पुसत नाताळ करतात, समुद्रावर जातात. त्यांचा नाताळ काय खोटा?

मूळ गोष्टीत बर्फ नाहीच. मूळ गोष्टीत आहे गोठ्यातली वस्तू. मेंढ्या राखणारी माणसं. बाळंतीण. प्रवास. मुक्कामाला जागा न मिळणं. हे शब्द लंडनच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला पुस्तकातून शिकावे लागतात. तुम्हाला फक्त त्यांची इंग्रजी नावं हवीत. वस्तू तुमच्या दारात उभ्या आहेत.

"मेंजर" घ्या. एम-ए-एन-जी-ई-आर. आपली पोरं हा शब्द "मँगर" वाचतात, किंवा घाईत "मॅनेजर". जन्मलेल्या येशूला मॅनेजरमध्ये ठेवलं, असं वर्गात वाचलेलं मी ऐकलंय! उच्चार मेंजर, "में" जरा लांबवून. अर्थ गव्हाण. फ्रेंच भाषेत "मांजे" म्हणजे खाणं, त्याच्याशी नातं असलेला हा शब्द, म्हणजे जनावराची खायची जागा. आता मला सांगा, इंग्लंडमधल्या किती पोरांनी गव्हाण हातानं झाडून काढली असेल? त्यांच्यासाठी मेंजर हा वर्षातून एकदा, डिसेंबरात ऐकायचा शब्द. तुमच्यासाठी पहाटे पाचचा. सिमेंटची गव्हाण, त्यात मुरघास नाहीतर उसाचं वाढं, आणि डेअरीची गाडी यायच्या आत धारा उरकायची घाई. बाळाला तिथे का ठेवलं असेल, हे तुम्हाला समजवावं लागत नाही. कडेला उंची असते, तळाला मऊ काड असतं, बाळ गडगडत नाही. घरात पाळणा नसला की पटकन सुचणारी जागा तीच.

त्यातच दोन शब्द आणखी. "हे" म्हणजे वाळवलेलं गवत, जनावराला खायला. "स्ट्रॉ" म्हणजे धान्य निघाल्यावर उरलेलं काड, गव्हाचं वगैरे, खाली अंथरायला. उसाचा रस प्यायची नळी ती स्ट्रॉ याच काडावरून. आणि मेंजरचा एक वाक्प्रचार आहे, परीक्षेतही येतो : "अ डॉग इन द मेंजर". कुत्रा गव्हाणीत जाऊन बसलाय, स्वतः कडबा खात नाही आणि बैलाला तोंड घालू देत नाही. अशी माणसं प्रत्येक भावकीत एक तरी असतात, नावं घेत नाही.

दुसरा शब्द. "शेफर्ड" म्हणता ना सगळे? मध्ये पी-एच दिसतं म्हणून. पण हा शब्द "शीप" आणि "हर्ड" जोडून झालाय. शीपचा पी आणि हर्डचा एच शेजारी आले, एवढंच. त्यामुळे तिथे "फ" नाही. उच्चार शेपर्ड. बाळ जन्मल्याची बातमी सगळ्यात आधी राजाला नाही, पुढाऱ्याला नाही, रात्री रानात मेंढरं राखणाऱ्या शेपर्डना मिळाली, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. आपल्या बारामती-इंदापूर-फलटण पट्ट्यात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात. शेतात मेंढरं बसवलेली असतात, भोवती वाघर लावलेली, कुत्री जागी, माणूस घोंगडी पांघरून एक डोळा उघडा ठेवून पडलेला. "कीपिंग वॉच ॲट नाइट" म्हणजे हेच. डिक्शनरी उघडायची गरज नाही.

मेंढरांचा कळप "फ्लॉक", गाई-म्हशींचा "हर्ड". शीपचं अनेकवचन शीपच, शेवटी एस लावायचा नाही. कोकराला "लॅम", बी लिहायचा, म्हणायचा नाही. मेंढीला "यू", स्पेलिंग ई-डब्ल्यू-ई, आणि उच्चार "तुम्ही" वाल्या "यू"सारखाच. हे स्पेलिंग कुणी बसवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

"इन" हा शब्द हॉटेलांच्या पाट्यांवर बघता, डबल एन. मुक्कामाची जागा. जुन्या मराठी बायबलात त्याला "उतारशाळा" म्हटलंय, काय सुंदर शब्द आहे, आपण टाकून दिला. योसेफ आणि मरिया गावाला का निघाले होते? "सेन्सस". रोमच्या बादशहानं नावनोंदणी काढली, ज्यानं त्यानं आपल्या मूळ गावी जाऊन नाव लावायचं. दाखल्यासाठी मूळ गावचा पुरावा आणा, हे ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ते मूळ गाव बेथलेहेम. हिब्रूत त्याचा अर्थ होतो भाकरीचं घर.

"स्वॅडल" हे क्रियापद : बाळाला कापडात घट्ट गुंडाळणं. आजी करते ते. हातपाय आत, डोकं बाहेर, करंजीसारखं.

आता भेटी आणणारे. मॅथ्यूच्या, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानात "वाइज मेन" येतात, तारा बघत बघत. ते तीन होते असं तिथे लिहिलेलं नाही. भेटी तीन होत्या म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली. गोल्ड, फ्रँकिन्सेन्स आणि मर. सोनं कळलं. फ्रँकिन्सेन्स म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा सुगंधी डिंक, मराठी बायबलात "ऊद". आणि "मर", एम-वाय-डबल आर-एच, असलं भयंकर स्पेलिंग असलेला शब्द म्हणजे काय? हिराबोळ. जडीबुटीच्या दुकानात मिळतो तो. आपल्याकडे जुन्या बायका बाळंतिणीला द्यायच्या. बाळाच्या धुरीच्या शेगडीत ओवा, वावडिंग यांच्याबरोबर ऊदही पडायचा. (डॉक्टर आता धुरी नको म्हणतात, बाळाच्या छातीला त्रास होतो. डॉक्टरांचं ऐका.) चर्चमध्ये या भेटींचे वेगळे, गंभीर अर्थ सांगतात, देवपणाचे, मरणाचे, आणि ते त्यांच्या जागी आहेत. पण "फ्रँकिन्सेन्स अँड मर" हा जो जगभरच्या पोरांना चमत्कारिक वाटणारा जोडशब्द आहे, तो तुमच्या आजीला बाळंतिणीच्या खोलीतला वास म्हणून माहीत आहे. आज रात्री विचारा तिला.

बर्फाकडचे शब्द भराभर सांगतो. "स्ले", स्पेलिंग एस-एल-ई-आय-जी-एच, बर्फावरची घसरगाडी. "रेनडिअर" चा पावसाशी संबंध नाही, स्पेलिंगही वेगळं, आर-ई-आय-एन. "रीथ", दाराला लावायचं हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं, सुरुवातीचा डब्ल्यू मुका. "सांता क्लॉज" हे सेंट निकोलस या नावाचं डच तोंडातून आलेलं रूप. शेवटी ई लावलात तर करारातलं कलम होतं. "जिंगल बेल्स" हे गाणं १८५७ चं, आणि त्यात ख्रिसमस हा शब्द एकदाही येत नाही, हवं तर ऐकून बघा. "प्लम केक" मध्ये प्लम नसतो, पूर्वी मनुक्यांनाच प्लम म्हणायचे.

"कॅरल" मात्र नीट घ्या. नाताळचं गाणं, आणि घरोघर जाऊन म्हणणं ते "कॅरलिंग". क्रियापद "गो" बरोबर : "दे गो कॅरलिंग." आपल्याकडे पहाटे वासुदेव यायचा, तशी ही मंडळी रात्री येतात.

"मिसलटो" ऐकलंय? इंग्रजी सिनेमात दाराच्या वर एक डहाळी टांगलेली असते, तिच्याखाली दोघं आले की चुंबन घ्यायचं अशी रीत. फार रोमँटिक. ती डहाळी म्हणजे काय माहितीये? बांडगूळ. जात वेगळी, पण प्रकार तोच : आंब्यावर चढून त्याचं रक्त पिणारं, बाबा कोयता घेऊन काढतात ते. एका भाषेत प्रेमाची खूण, आपल्या भाषेत शिवी. आणि यातही टी मुका.

"बॉक्सिंग डे" ला कुणी कुणाला ठोसे मारत नाही. २६ डिसेंबर. पूर्वी इंग्लंडमध्ये नोकरचाकर, पोस्टमन, सामान आणून देणारी पोरं यांना डबा द्यायचे, त्यात पैसे किंवा वस्तू. आपल्याकडे दिवाळीला पोस्त देतात ना? तेच. बॉक्सिंग डे म्हणजे पोस्त द्यायचा दिवस. बाकी आपल्याला तो माहितीये मेलबर्नच्या टेस्टमुळे. २०२० ला कोहली नव्हता, अजिंक्य रहाणेनं कप्तानी केली, ११२ धावा काढल्या आणि आपण जिंकलो, ती बॉक्सिंग डे टेस्ट.

तर नर्सिंगवाल्या ताई, तुझ्यासाठी. मैत्रिणीच्या घरी मराठीतच बोल. इंग्रजी सराव करायचाच असेल तर परत आल्यावर हॉस्टेलवर दोघी मिळून करा, तिलाही हवाच असेल. घरात शिरताना "नाताळच्या शुभेच्छा, काकू" म्हण, झालं. हात रिकामे नेऊ नकोस. इंदापूरची डाळिंबं ने.

बाकीच्यांना गृहपाठ. "क्रिसमस" वर पाच वाक्यं, पण अट अशी की न बघितलेली एकही वस्तू त्यात येता कामा नये. सुरुवात मी करून देतो : "देअर इज अ मेंजर इन अवर काऊशेड. इट इज मेड ऑफ सिमेंट. माय मदर फिल्स इट ॲट फाइव्ह इन द मॉर्निंग. इन द क्रिसमस स्टोरी, अ बेबी स्लीप्स इन अ मेंजर." पुढचं तुमचं. गोठा नसेल तर मेंढरांवर लिहा, बेकरीवर लिहा, शेजारच्या घरातल्या चांदणीवर लिहा. व्हॉइस मेसेज एक मिनिटाच्या आत, आणि कृपा करून मागे गाणं लावू नका, मला उच्चार ऐकायचे असतात.

पुढच्या भागात बँकेत खातं उघडताना लागणारी इंग्रजी. भेटू.